सातवं पॅड

पुष्पांजली मॅडमचा राग दोन वर्षं धुमसत होता. शिकाऊ डॉक्टरांना सरावासाठी मॉडेलं हवीत म्हणून तिने हॉस्पिटलच्या ट्रस्टींकडे अर्जावर अर्ज केले. उत्तर काय, तर 'बघू'. बसा बघत! शेवटी तिने देऊळगाव राजात मोटरसायकलची सीट-कव्हरं शिवणाऱ्या शाकिरभाईंकडून सात पॅड करून घेतली. वर रेक्झिनची कातडी, खाली फोमची चरबी, आत जुन्या सलाईनची नळी आणि नळीत कुंकवाचं पाणी. नळी कापायची, धाग्याने बांधायची. गाठ सैल पडली की तांबडं पाणी झिरपायचं.

मॅडम डावखुरी. तिची गाठ उलट्या बाजूला पडायची. पोरं बघून गोंधळायची आणि वर बोलणी खायची.

मार्चमध्ये बीबी गावची राखी नावाची बाळंतीण सिझेरियननंतर गेली. आतली एक गाठ सुटली होती. ऑपरेशनला मॅडम होती आणि मदतीला इंटर्न सागर. मॅडमने अहवालात लिहिलं, गाठ सागरने मारली. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, ती गाठ माझी नव्हती."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. बाई जिवानिशी गेली आणि हा तोंड वर करून बोलतो! शंभर गाठी मारून दाखव, तिने बजावलं, एक जरी सुटली तरी तुझ्या इंटर्नशिपच्या वहीवर माझी सही नाही. वर्ष गेलं समज.

रोज दुपारी जुन्या एक्स-रेच्या खोलीत सागर गाठी मारायचा आणि ती एकेक ओढून बघायची. शंभरच्या शंभर टिकल्या. थेंब नाही. ओलं झालं ते टेबलाच्या टोकाचं सातवं पॅड, ज्याला अजून कुणी हातही लावला नव्हता.

तिने सागरलाच झापलं. पॅड पुसून, उन्हात वाळवून परत टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दुपारी ते परत ओलं होतं, आणि टेबलावरचा ओघळ वाळून तपकिरी झाला होता. कुंकू असं वाळत नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती आणखीच भडकली.

शाकिरभाईंना बोलावून तिने सगळ्यांसमोर फैलावर घेतलं, तुमची नळी गळते म्हणून. त्यांनी पॅड उलटसुलट करून पाहिलं.

"मॅडम, सातव्यात म्या नळी टाकलीच नाई. तुमीच म्हनल्या होत्या, हे नुसतं टाके शिकायले."

"खोटं बोलू नका," म्हणत तिने ब्लेड उचललं.

रेक्झिन उघडलं. फोम कोरडा. नळी खरंच नव्हती.

मधोमध काळ्या रेशमी धाग्याची एक गाठ होती. तेवढी ओली.

शाकिरभाई मागे सरकले. सागर गाठीकडे बघत नव्हता. तो मॅडमच्या हाताकडे बघत होता.

गाठ उलट्या बाजूला पडली होती.

एवढा राग आता कुणावर काढावा, तिला कळेना. तिने धागा हलकेच ओढला. गाठ सरकली.

तिने झटकन तळवा दाबून धरला.

"सागर, तुझी वही आण," ती म्हणाली. "आणि राखीची फाइल."

तो गेला. तिने हात उचलला नाही. खालचा फोम कोमट होत चालला होता.