मागच्या सीटवरचं वजन

पटलं नाही तर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हे आमच्याच दारात घडलंय, अकोटला, मागच्या होळीच्या आसपास. आणि रात्री नाही... चांगलं ऊन असताना.

मी दीक्षा. माझे मिस्टर धम्मदीप हिवरखेडच्या शाळेवर शिक्षक आहेत. रोज मोटरसायकलनं जाऊन येऊन करतात. गाडी सासऱ्यांच्या वेळची. कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलं, पण यांचा जीव त्या गाडीत.

तिचे मागचे शॉकअप गेले होते. तेल गळायचं. खड्डा आला की कंबरेत कळ जायची.

आमचे मेकॅनिक धर्मेंद्रभाऊ म्हणाले, "सर, ओरिजनल जोडी आता भेटत नाई. दुसऱ्या गाडीची लावली तं लांबी जुळत नाई, मागून गाडी उचलते. लोकल नवीन टाका. कडक हाय, पण चालते."

"अन् जुनी ओरिजनल भेटली तं?" यांनी विचारलं.

"जुनं नका घेऊ. कुठून आलं, काय भोगलं, बाहेरून दिसत नाई."

पण यांनी ऐकलं नाही. अकोल्याच्या भंगार बाजारातून जुनी जोडी घेऊन आले. अगदी चकचकीत. ना गंज, ना ओरखडा.

मला तेव्हाच खटकलं. "कोणत्या गाडीची हाय? अपघातातली तं नाई?"

"मीबी तेच विचारलं. दुकानदार म्हणे, गाडीले काई झालं नव्हतं."

गाडीला काही झालं नव्हतं...

मग कोणाला झालं होतं?

ते यांनी विचारलंच नाही.

शॉकअप बसले. गाडी लोण्यासारखी चालायला लागली. हे खुश.

मग एका संध्याकाळी मी अंगण झाडत होते. गाडीचा मागचा फुटरेस्ट उघडा दिसला. फक्त डावीकडचा. एकाच बाजूला पाय घेऊन बाई बसते, तसा.

मी मिटवला.

दुसऱ्या दिवशी हे शाळेतून आले... पुन्हा उघडा.

मी रोज सकाळी मिटवायची. रोज संध्याकाळी तो उघडा असायचा.

खरं सांगू? भूतबित माझ्या डोक्यातही आलं नाही. आमच्या घरात अंगारेधुपारे कधी चालले नाहीत. माझ्या मनात आलं ते कोणत्याही बायकोच्या मनात आलं असतं.

त्यातच शेजारच्या आशाबाई म्हणाल्या, "काल तू सरांच्या मांगं बसून कुठं चालली होती वं? मी आवाज देल्ला, तं तू वळून पाह्यलंबी नाई."

काल मी घराबाहेर पडलेच नव्हते.

त्या रात्री आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी यांचा मोबाईल तपासला. काही नव्हतं.

"कोणाले बसवून राहिले तुमी?"

"कोणालेच नाई."

एवढंच बोलले. पण बोलताना नजर खाली होती. मला वाटलं, हा माणूस लपवतोय.

दुसऱ्या दिवशी मी हे घरी यायच्या वेळेला आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. रंगेहाथ पकडायचं, असं ठरवूनच.

गाडी आली.

मागे कोणीच नव्हतं.

पण गाडी मागून दबली होती. पार दबली होती. भारी माणूस बसल्यावर दबते तशी. मडगार्ड चाकाला टेकायला आलं होतं.

यांनी माझ्यासमोर गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. हे अजून सीटवरच बसलेले. जागचे हललेसुद्धा नाहीत.

आणि... सुईंऽऽ...

मागची बाजू हळूच वर आली.

कोणीतरी उतरावं तशी.

मी यांच्याकडे पाहिलं.

"तुलेबी दिसलं?" एवढंच म्हणाले.

मग कळलं. यांना पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. वळणावर गाडी आपोआप डावीकडे ओढायची. आरशात कोणी नाही. "तू घाबरशील म्हणून बोललो नाई," म्हणाले.

सकाळीच धर्मेंद्रभाऊंकडे गेलो. त्यांनी दोन्ही शॉकअप खोलले, पुसले आणि गॅरेजच्या फरशीवर भिंतीला टेकवून उभे ठेवले.

एक होता तसा. दुसरा... डावीकडचा...

त्याची स्प्रिंग दबायला लागली.

वर काहीच नव्हतं. हात नाही, वजन नाही. आमच्या तिघांच्या डोळ्यांसमोर ती कडी कडीला टेकेपर्यंत दबत गेली. आणि तशीच राहिली.

"वहिनी, मांगं सरका," धर्मेंद्रभाऊ हळूच म्हणाले. त्यांच्या हातातला पाना खाली पडला.

त्या आवाजानं की काय, स्प्रिंग सुटली.

ती जोडी तशीच पिशवीत घालून आम्ही बसनं अकोला गाठलं. दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलत होता. आम्ही तोंड उघडायच्या आत त्यानं पिशवीकडे पाहिलं.

"वापस घेत नाई."

"आमी वापस द्यायले नाई आलो. फक्त सांगा, हे कोणाचं होतं?"

त्यानं गिऱ्हाइकाला बाहेर काढलं आणि भरदुपारी शटर ओढून घेतलं. आम्ही किती वेळ वाजवलं. शेवटी पिशवी तिथेच ठेवून निघालो.

आता गाडीला लोकल नवीन शॉकअप आहेत. कडक. खड्डा आला की कंबर बोलते. फुटरेस्ट मिटलेला असतो. गाडी दबत नाही. सगळं ठीक आहे.

फक्त परवा सकाळी हे शाळेत निघाले, तेव्हा मी दारातून पाहत होते. गाडीवर बसले आणि पार टाकीला चिकटून पुढे सरकले. मागची अर्धी सीट मोकळी.

"काहून एवढे पुढं सरकता हो?" मी हसतच विचारलं.

"मंग? मांगं जागा नको का?"

सहज म्हणाले.

मग आपण काय बोललो ते त्यांच्याच लक्षात आलं. हसले नाहीत. मागे वळूनही पाहिलं नाही. किक मारली आणि निघून गेले.

ती जागा कोणासाठी, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

विचारायची हिंमत होत नाही.