गाडीला हुक, हुकावर सायकल

आधी आवाज आला. धाडकन काहीतरी रस्त्यावर आपटल्याचा, आणि मागोमाग एका घंटीचा... ट्रिंग!

बिट्टी दुरुस्तीला आलेल्या एका गाडीखालून सरपटत बाहेर आली. गॅरेजसमोर काडेपेटीएवढी निळी मोटार उभी होती. डिकी आ वासलेली, तिच्यातून तुटकी दोरी लोंबत होती आणि रस्त्यावर एक सायकल आडवी पडली होती. साधीसुधी नव्हे, जोडसायकल. दोन सीटा, दोन हँडल, चार पायडल. शेजारी एक उंच, चष्मेवाला माणूस चेहरा पाडून उभा होता.

"ह्या दोरीनं बांधली होतीत?" बिट्टीनं विचारलं.

"दुकानदार म्हणाला, हत्ती बांधला तरी तुटणार नाही."

"मग हत्तीच आणायचा होतात!"

तो हसला. त्याचं हसू आधी डोळ्यांत आलं, मग सावकाश ओठांवर. हे आपल्या लक्षात आलं याचाच बिट्टीला राग आला, आणि तिनं सायकलीचं हँडल जरा जास्तच जोरात उचललं.

गॅरेज तिचं आणि तिच्या काकांचं. काकांची पाठ धरल्यापासून ते दारातल्या खुर्चीत बसून मतं देत, आणि पाने-पकडी बिट्टी चालवी. मध्यंतरी तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा चांगला होता, पण लग्नानंतर 'हे तेलकट काम' बंद, एवढीच त्याची अट होती. काम बंद झालं नाही, लग्न मोडलं. तेव्हापासून आईनं तो विषय काढायचं सोडलं होतं, आणि बरं झालं, असं बिट्टी स्वतःला सांगत असे. रोज नाही, पण अधूनमधून सांगावं लागे.

चष्मेवाल्याचा धंदाही चष्म्यांचाच. दोन गल्ल्या सोडून त्याचं दुकान होतं.

"सगळ्या गावाला चष्मे लावतो," तो म्हणाला, "पण बाबांना दिसेल अशी काच माझ्याकडे नाही. जन्मभर सायकलवर हिंडलेला माणूस... नजर गेली आणि घराबाहेर पडायचेच थांबले. तळ्याकाठचा रस्ता सपाट आहे, मोकळा आहे. मी पुढे, ते मागे. पण इथून तिथवर ही न्यायची कशी?"

"मागे हुक बसवायचा. थेट चासीला, गाडीच्या सांगाड्यालाच, भक्कम. त्यावर सायकल आडवी धरणारा स्टँड. हिचं पुढचं चाक काढलं की दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर राहील, तिथे लाल फडकं बांधू." बिट्टीनं गाडीच्या पाठीवर थाप मारली. "गाडी चिमुकली आहे, पण कणा धड आहे. बाबा तयार आहेत ना?"

त्यानं तुटक्या दोरीचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हणतात, 'आंधळ्याची मिरवणूक काढतोस काय?'"

बिट्टीनं किल्लीसाठी हात पुढे केला. "गाडी ठेवून जा," एवढंच म्हणाली.

तो गेला खरा, पण दुपारी दुकान बंद करून परत आला आणि एका जुन्या टायरवर बसून राहिला. बिट्टीनं बंपर उतरवला, चासीवरचा गंज खरवडला, भोकं पाडली, उघड्या लोखंडाला रंग लावला. तो बघत होता. कामाकडे... बहुतेक.

"बोल्ट फार लांब धरून बघता तुम्ही," तो एकदम म्हणाला.

"मग?"

"चष्मा लागणार."

"आत्ताच? मी काय म्हातारी झाले?"

"दुकानात या एकदा. तुमचे डोळे जरा... जवळून बघावे लागतील." आणि बोलून मोकळा झाल्यावर तो कानांपर्यंत लाल झाला.

"आधी मला तुमच्या गाडीचं बूड जवळून बघू द्या!" बिट्टी म्हणाली आणि पटकन गाडीखाली शिरली. तिथं अंधार होता ते बरं. हसू दाबताना तिच्या हातून पाना दोनदा निसटला.

हुक बसला, स्टँडवरच्या दिव्यांची वायर जोडली गेली, गाडी गेली. दोन दिवसांनी परत आली.

"मागून खडखड येते," चष्मेवाला म्हणाला.

तिनं एकेक बोल्ट तपासला. सगळे घट्ट. पुन्हा चार दिवसांनी खडखड. पुन्हा काही सापडेना. तिसऱ्या खेपेला काका खुर्चीतून म्हणाले, "गॅरेजात आली की थांबते, बाहेर पडली की सुरू होते. असलं दुखणं मी तरी पाहिलं नाही. गाडीचं आहे की गाडीवाल्याचं?"

"काका!" बिट्टीनं डोळे वटारले. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "सायकल चढवून, बाबांना बसवून चालवून बघायला हवी. रविवारी मी येते बरोबर... खडखड ऐकायला."

बाबा आले. 'मेकॅनिक मुद्दाम येणार आहे, आता नाही म्हणणं बरं दिसत नाही' असं सांगून मुलानं त्यांना गाडीत बसवलं होतं. तळ्याकाठी उतरल्यावर त्यांनी हात पुढे केला.

"कुठे आहे मेकॅनिक?"

"मीच ती."

त्यांनी तिचा हात हातात घेऊन अंगठ्यानं तळव्यावरचे घट्टे चाचपले. "हात कामाचा आहे," ते म्हणाले. बिट्टीच्या हाताला कुणी पहिल्यांदाच चांगलं म्हटलं होतं.

बापलेक सायकलवर बसले. पण मुलगा प्रत्येक खड्याला ब्रेक दाबी. थोडं अंतर गेल्यावर बाबा ओरडले, "उतर खाली! दिसत मला नाही आणि घाबरतोस तू! पोरी, तू बस पुढे."

बिट्टी बसली. दोघांचे पाय एका लयीत फिरू लागले. पाण्यावरून गार वारा येत होता, त्यात बारीक तुषार होते.

"जोरात घे!" बाबा म्हणाले. तिनं घेतलं. मागून काहीच ऐकू येईना म्हणून तिनं वळून पाहिलं. म्हाताऱ्यानं तोंड वाऱ्यात वर धरलं होतं आणि त्याचे गाल ओले झाले होते. तुषारांनी झाले असतील.

"पोरी," बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "येताना गाडीत खडखड ऐकलीस?"

"नाही."

"मीही नाही. आणि कान माझे शाबूत आहेत. ती खडखड नेमकी कुठे होते, ते आमच्या चिरंजीवांना विचार."

हँडल असं डगमगलं, की बाबाच म्हणाले, "अगं सांभाळ!"

परत आल्यावर बाबा झाडाखालच्या बाकावर बसले आणि टोपी तोंडावर ओढून झोपेचं सोंग घेतलं. ती दोघं सायकल स्टँडवर चढवू लागली.

"खडखड कुठे होते ते कळलं मला," पुढचं चाक सोडवत बिट्टी म्हणाली.

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुन्हा काढला. "बाबांनी सांगितलं?"

"हं."

"मग... आधीच सांगतो. मी बाबांना सोडून राहणार नाही. एकीनं तशी अट घातली होती, म्हणून..."

"मी गॅरेज सोडणार नाही," बिट्टी म्हणाली. "मलाही एकानं घातली होती."

तिनं चाक ओढून मोकळं केलं.

"म्हणजे कुणीच काही सोडायचं नाही?" त्यानं हळूच विचारलं.

"एक सोडावं लागेल."

त्याचा चेहरा उतरला. "काय?"

"हे... तुम्ही-तुम्ही."

तो बघतच राहिला. मग ते हसू आलं, आधी डोळ्यांत. "मग काय म्हणू?"

"म्हणून तर बघ," ती म्हणाली, आणि तो 'बघ' आपल्याच तोंडून ऐकून पटकन हातातल्या चाकाकडे बघू लागली.

"तू..." तो म्हणाला, आणि गाडी तिथंच अडली. "तू..."

"अरे, पुढे बोल की!" बाकावरून टोपीखालून आवाज आला. "का मी येऊ ढकलायला?"

"तू येशील आमच्या घरी? कायमची?" त्यानं एका दमात म्हणून टाकलं.

तिनं सायकलीचं चाक त्याच्या हातात दिलं.

"हे धर आधी," ती म्हणाली. "आणि... हो. येईन."