गळतं, पण कमी होत नाही

वॉरंटी कंपनीने दावा मंजूर केला. पण ते सोडा. मंजूर झालाच नाही असं धरून चालू. भूगोलाच्या बाईही आता तसंच धरून चालतात.

बाईंनी सात वर्षं वापरलेली ऑटोमॅटिक गाडी घेतली ती काही हौसेने नव्हे. वडिलांचा उजवा पाय लुळा पडलेला. आठवड्यातून तीनदा त्यांना व्यायामासाठी उपचारकेंद्रात न्यायचं, आणि चाकांची खुर्ची दिसली की भाड्याच्या गाड्यांचे ड्रायव्हर एकदम बहिरे व्हायचे. एक फेरी चुकली की पाय पुन्हा रुसायचा. गाडीच्या गिअरबॉक्सवर तीन महिन्यांची वॉरंटी होती, शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत.

मुदत संपायला बारा दिवस उरले असताना पार्किंगच्या फरशीवर गिअरबॉक्सचं लाल तेल दिसलं.

मिस्त्रीने गिअरबॉक्समधली तेलाची मोजपट्टी पुसून, पुन्हा बुडवून दाखवली. "पातळी बरोबर आहे, बाई."

"मग खाली सांडलंय ते काय, नेलपॉलिश?"

बाईंनी गाडीखाली ट्रे ठेवला. रोज सकाळी त्यात बरोबर एक पेला तेल. आठ दिवसांत आठ पेले झाले आणि पट्टीवरची खूण तसूभर हलली नाही.

"गळतं, पण कमी होत नाही," मिस्त्री मान खाजवत म्हणाला. "अशी म्हैस मिळाली तर मी आजच गॅरेजला टाळं लावतो."

दावा अधिकारी फोनवर म्हणाला, "मॅडम, पातळी उतरल्याशिवाय आम्ही गळती मानत नाही."

"पाऊससुद्धा ढग रिकामा झाल्यावरच मानता का?"

पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. मग गिअरबॉक्स उघडून पाहायचं ठरलं.

बुधवारी गाडी गॅरेजमध्ये गेली. मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवून टेबलावर ठेवला.

गुरुवारी सकाळी घरच्या रिकाम्या पार्किंगमधला ट्रे भरलेला होता. बाईंनी बोट बुडवलं. तेल कोमट होतं, नुकतीच गाडी फिरून आल्यासारखं. ट्रेपासून फाटकापर्यंत चाकांचे दोन ओले पट्टे गेले होते. बाईंनी टेप आणून त्यांच्यातलं अंतर मोजलं. त्यांच्याच गाडीचं होतं. वहीत आकडा लिहून त्यांनी खाली रेघ मारली आणि शाळेत गेल्या. दुसरं काय करणार?

शुक्रवारी दुपार उतरताना गॅरेजमध्ये अधिकाऱ्याने कागदावर शिक्का हाणला. "मंजूर! सीलला तडा सापडला. इथे सही करा."

बाईंनी पेन उघडलं आणि फोन वाजला. वडील होते.

"छान चालवतेस गं आज. एक धक्का नाही. पण केंद्राचं वळण मागेच गेलं की!"

बाईंनी वर पाहिलं. गाडी गॅरेजच्या लिफ्टवर उचललेली होती, पुरुषभर उंच, पोट उघडं टाकून.

"बाबा, कुठे आहात तुम्ही?"

"असं काय विचारतेस? तुझ्या शेजारीच बसलोय. तू बोलतच नाहीस, म्हणून म्हटलं फोन करून बघावा."

फोन कट झाला. पुन्हा लागला नाही.

पाच वाजायला दहा मिनिटं होती.

बाईंनी सही केली नाही. कागद उलटा केला आणि फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं:

"मा. दावा अधिकारी यांस,

सदर मंजुरी रद्द समजावी. गळणारी गाडी ही नव्हे. वॉरंटी आज सहापर्यंत लागू असल्याने, गळणारी गाडी शोधून ती शेजारच्या सीटवरील प्रवाशासह मूळ जागी आणून द्यावी, ही नम्र विनंती. चालकास सोबत पाठवण्याची आवश्यकता नाही."