पडीक सालातलं पाणी

विस्तवाजवळ सरका पोरांनो, आणि मोबाइल खिशात घाला. नासिरियाच्या खालच्या अंगाला राहणारा खयून माझा साडू. त्याच्याच तोंडून ऐकलंय, आणि खोटं रचायची अक्कल त्याच्यात नाही.

नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. कालव्याची पाळी रात्री एकला आली, म्हणून तो पंप सुरू करायला निघाला. शेत टेकाडाच्या मागं. टेकाडाखाली त्या जुन्या राजाचं शहर आहे, ठाऊकच आहे तुम्हाला. शत्रूनं बुडवलं, असं खोदायला येणारे साहेब लिहून नेतात. आपले म्हातारे म्हणायचे, शत्रू नंतर आला. एक साल पेरायचं, एक साल जमीन पडीक ठेवायची, ही इथली रीत. राजाला फौज पोसायची होती. दरसाल पेरा म्हणाला. दरसाल पाणी पाजून खालचं पाणी वर आलं, पाण्याबरोबर मीठ. आधी गहू गेला, मग जव, मग माणसं.

खयूनचं ते साल पडीक ठेवायचं होतं.

"तुमच्या वडिलांनी असल्या साली कधी पाणी सोडलं होतं?" त्याच्या बायकोनं, वनसा तिचं नाव, दारातच अडवलं. "का तुम्ही राजे झालात?"

"एक पीक जास्तीचं निघालं, तर गाव सोडून बसऱ्याला हमाली करायला जावं लागणार नाही. झोप तू."

पंप लागला. पाणी वाफ्यात शिरलं.

टेकाडाकडून रांग येत होती. म्हातारे. बायका. डोक्यावर बोचकी. पाण्यातून चालत होते सगळे... पाणी हलत नव्हतं.

"कोण आहे तिकडं?" खयून ओरडला.

पुढचा म्हातारा वाकला. चिमूटभर माती घेतली. जिभेवर ठेवली. थुंकला. पुढं गेला. मागची बाई वाकली. मग तिचं पोर... कुणी रडलं नाही. कुणी त्याच्याकडं बघितलं नाही.

"भ्यालास?" मी नंतर त्याला विचारलं.

"नाही. काहीच वाटलं नाही. अजून वाटत नाही."

पंप बंद करायला हात उचललाच गेला नाही त्याचा. उजाडेपर्यंत पाणी चालू.

घरी आला. वनसा आणि दोन्ही पोरी गाढ झोपलेल्या. तिघींचे पाय कोरडे. अंगणात मात्र मिठाची पांढरी पावलं. चार जणांची. दोन मोठी, दोन लहान. दारातून निघालेली, रस्त्याकडं.

त्यानं पुढच्या पावलावर पाय ठेवून पाहिला.

नेमका बसला.

ती पावलं अजून आहेत. वनसा रोज अंगण झाडते. त्यांच्या कडेकडेनं.