मुठीतलं बोट

हे माझ्याच घरात घडलंय आणि अजून घडतंय. खोटं वाटलं तर वाटू दे.

गेल्या डिसेंबरची गोष्ट. दुपारचे तीन वाजले होते. शेतातल्या घराच्या मधल्या खोलीत मी कॉम्प्युटरवर कॅलेंडर करत बसले होते.

दरवर्षी मीच करते. बारा महिने, बारा फोटो. टोमॅटोची तोडणी, नवं वासरू, ट्रॅक्टरवर चढलेली पोरं. छापून आणायचं आणि स्वयंपाकघरात टांगायचं.

त्या वर्षी माझी मोठी जाऊ गेली होती. गोठ्यात पाय घसरला, डोक्याला मार बसला, दोन दिवसांत खेळ आटोपला. मागे पाच वर्षांची मुलगी. छोटी.

भाऊजींसाठी दुसरी मुलगी पाहणं सुरू होतं.

"नवी येईल तिच्या डोळ्यांसमोर छोटीची आई नको," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्या फोटोंतून काप तिला."

त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तरी भाऊजी पुटपुटले, "छोटीला एखादा राहू दे की."

"लहान आहे, विसरेल," मी म्हणाले.

आमचं दोघी जावांचं कधी पटलंच नाही. वाईट वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल. मला बरं वाटत होतं.

एकच अडचण होती. छोटीला आईचं बोट धरून उभं राहायची सवय. आई कापली, तरी प्रत्येक फोटोत...

मुठीत बोट उरत होतं.

बाराही फोटोंतलं बोट मी पुसलं. छोटीला नीट मधोमध आणलं. छापून आल्यावर एकेक पान तपासलं. काम चोख झालं होतं.

जानेवारी सुरळीत गेला.

एक फेब्रुवारीला सकाळी पान उलटलं आणि...

मुठीत बोट होतं.

म्हटलं, नजरेतून सुटलं असेल. पण छोटीही मधोमध नव्हती. थोडी कडेला सरकली होती.

पुढची पानं चाळली. सगळी जशीच्या तशी. मार्च लागला, पान उलटलं...

बोटामागे मनगट आलं होतं.

एप्रिलला कोपर. छोटी आणखी कडेला.

घरातही तिची डावी मूठ मिटलेली राहू लागली. जेवताना, झोपताना, खेळतानासुद्धा. मग खेळणं थांबलं. जेवण दोन घासांवर आलं. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट अगदी चांगले आहेत.

मी लाडीगोडी लावून विचारलं, "कुणाचं बोट धरून ठेवलंस गं?"

"मी नाही धरलं, काकू. तिनं मला धरलंय."

त्याच दुपारी मी मे महिन्याचं पान फाडून चुलीत घातलं. पान पेटलं आणि अंगणातून...

काहीच आवाज आला नाही.

बाहेर जाऊन पाहिलं. छोटीच्या दंडावर टरटरून फोड उठले होते आणि ती गप्प उभी होती. त्यानंतर कॅलेंडर फाडायची कुणाची छाती झाली नाही. महिना लागला की पान तेवढं उलटायचं आणि छोटी आणखी कडेला गेलेली पाहायची.

भाऊजी म्हणाले, "छोटीच्या आईला परत लाव. सगळ्या फोटोंत लाव." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्यापुढे हात जोडले.

मी कॉम्प्युटर उघडला आणि तेव्हा लक्षात आलं. मी मूळ फोटोंवरच कापलं होतं. कापायचं आणि सेव्ह करायचं. कॉपी ठेवावी असं मला वाटलंच नव्हतं. आता तिचा एकही फोटो घरात नाही, कुणाच्या फोनमध्ये नाही.

आज तीस सप्टेंबर. भिंतीवरच्या फोटोत छोटीचा फक्त उजवा खांदा उरलाय.

उद्या पान उलटायचंच नाही, असं ठरलं. सासूबाई सकाळपासून कॅलेंडरसमोर खुर्ची टाकून बसल्यात. मघाशी छोटी त्यांच्याजवळ गेली. बोलायलाही तिला धाप लागत होती.

"आजी, तू ऊठ आता. आई म्हणते, पान उलटायची गरज नाही."

तेव्हापासून मी तिचा उजवा हात धरून बसलेय आणि दुसऱ्या हातानं हे टाइप करतेय. पलीकडून ओढ आहे. ती वाढत चाललीये.

छोटी दोघींच्या मध्ये ताणली जातेय. तिला दुखतंय, हे मला दिसतंय.

"काकू, सोड ना," ती म्हणते.

माझा हात भरून आलाय.