पिकअपखालची जागा

पिकअपची उंची वाढवून घ्यायला माझ्याकडे जे येतात, त्यातल्या बहुतेकांना तिची काडीचीही गरज नसते. शेजाऱ्याने मोठे टायर घातले, म्हणून यांनाही हवेत. घरापासून बारपर्यंत डांबरी रस्ता, पण गाडी मात्र डोंगर चढायला निघालेली दिसली पाहिजे. मी सांगून बघते, की बाबांनो, उंच गाडी वळणावर कलते, पेट्रोल जास्त पिते आणि मोठ्या टायरांसाठी मडगार्ड कापावं लागतं ते वेगळंच. ऐकतो कोण? वडिलांच्या मागे हे गॅरेज मी चालवते ते अशा हौशी लोकांच्याच जिवावर, तेव्हा फार शहाणपणा शिकवणं मलाही परवडत नाही.

मार्सेल इरिबार्ने मात्र हौशी नव्हता. आम्ही शाळेत एका वर्गात होतो. आमच्या अॅल्डर वेल्स गावाच्या उत्तरेला एक कोरडं तळं आहे. तळ्याच्या पलीकडे मार्सेलच्या आजोबांनी मेंढ्या आणल्या आणि नातू अजून त्या राखतोय. तिकडून गावात यायची वाट एकच, तळ्याच्या मधोमध. गेल्या हिवाळ्यात त्याच्या बायकोची, कोरीनची, मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिससाठी गावातल्या दवाखान्यात आणावं लागे. एक खेप चुकली तरी तिचे पाय सुजत आणि रात्रभर बसून श्वास घ्यावा लागे.

वसंतात एका सकाळी तो गॅरेजात आला आणि टोपी न काढताच म्हणाला, "लोरेटा, गाडी वर उचलून दे."

"का रे, या वयात पोरी फिरवायच्यात का?"

"खालून घासते. कोरीन घाबरते. परवा अर्ध्या वाटेतून मागं फिरायला लावलं तिनं. डायलिसिस चुकलं."

मग मी चेष्टा थांबवली.

काय बसवायचं ते ठरवण्याआधी गाडीखाली शिरून बघायचं, ही वडिलांची शिस्त. चाकांच्या फळीवर पडून मी आत सरकले. सगळीकडे वाळलेल्या चिखलाचे पोपडे होते. पण मधोमध, पुढच्या अॅक्सलपासून मागच्या बंपरपर्यंत, एक रुंद पट्टा लख्ख पुसलेला होता. दगडाने घासलं तर पत्र्यावर ओरखडे उठतात. इथे एकही ओरखडा नव्हता. मेंढ्या वर्षानुवर्षं पाठ घासून फाटकाचा खांब गुळगुळीत करतात, तसं ते लोखंड झालं होतं. बोट लावलं तर किंचित तेलकट लागलं.

"वाटेत मधे गवताचा उंचवटा वाढलाय का?" मी खालूनच विचारलं.

"असेल," मार्सेल म्हणाला.

दोन इंच, चार इंच, सहा इंच असे सगळे पर्याय मी त्याच्यापुढे मांडले. त्याचा डोळा सहावर होता. मी म्हटलं, "सहा वाढवलीस तर कोरीन चढणार कशी? शिडी ठेवशील दाराशी?" त्याला ते पटलं. मग आम्ही दोन इंचांवर भागवलं. स्प्रिंगांवर ठोकळे बसवले, टायर एका मापाने मोठे घातले आणि मी त्याला निश्चिंत मनाने घरी पाठवलं.

काही आठवड्यांनी तो परत आला. मी फळीवर पडून आत गेले. पुसलेला पट्टा तिथेच होता, तेवढाच रुंद आणि अगदी ताजा. नव्या बोल्टांची डोकीसुद्धा चकाकत होती. गाडी वर गेली होती, आणि घासणारं जे काही होतं तेही बरोबर तितकंच वर आलं होतं.

मला भीती वाटली नाही, राग आला. माझ्या कामाला कुणी नावं ठेवल्यासारखं वाटलं.

"उद्या मी येते बरोबर," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कोरीनला आणायला निघालो. तळं पोळपाटासारखं सपाट. भेगाळलेली पांढरी माती, आणि तिच्यावरून मार्सेलच्या चाकांच्या दोन रेघा. उंचवटा नाही, गवताची काडी नाही, टायरखाली यावा असा खडाही नाही. जाताना काहीच झालं नाही. येताना कोरीन खिडकीशी बसली आणि मी दोघांच्या मधे.

"गाडीचा डॉक्टर घरी बोलावलास वाटतं," कोरीन मार्सेलला म्हणाली. तिचा चेहरा मेणासारखा झाला होता, पण जीभ शाबूत होती.

तळ्याच्या साधारण मध्यावर तो आवाज आला. मोठा नव्हता. जेवणाच्या टेबलाखालून कुणी तळहात फिरवावा तसा, पुढून मागे, अगदी सावकाश. पायाखालच्या पत्र्यातून तो मला पोटऱ्यांपर्यंत जाणवला. गाडी चांगल्या वेगात होती. जमिनीवर पडलेलं काही असतं तर एका क्षणात खालून निघून गेलं असतं. हे सावकाश चाललं होतं.

"थांबव," मी म्हणाले.

मी उतरून जमिनीला गाल टेकवून पाहिलं. गाडीखालून पलीकडचे डोंगर स्वच्छ दिसत होते. दोन रेघांच्या मधे मातीचे पातळ पापुद्रे सुटून वर वळलेले होते. बोट लागलं तरी मोडतील असे ते पापुद्रे, आणि मागे नजर पोचेल तिथपर्यंत सगळे अखंड. राग कुठल्या कुठे गेला आणि खरं सांगते, मला तिथून पळून जावंसं वाटलं.

आमच्याकडे त्या तळ्यावर कुणाला पायी सोडून पुढे जात नाहीत. माणूस वैरी असला तरी गाडी थांबवायची, गावापर्यंत आणायचं. कुंपणावरून कोर्टात भांडणारे दोन भाऊ मी एकाच गाडीतून, एकमेकांशी चकार शब्द न बोलता, आलेले पाहिले आहेत.

कोरीनने काच खाली केली. खाली जमिनीकडे बघत, पायी चाललेल्या माणसाला म्हणतात त्याच आवाजात ती म्हणाली, "चला, बसा. गावापर्यंत सोडतो."

मला हसू आलं, ते भीतीचंच असावं. मार्सेल हसला नाही.

"तुला चेष्टा सुचते," तो म्हणाला.

"चेष्टा कसली? इतके दिवस आपण नुसते अंगावरून पुढं जातोय. बरं दिसतं का ते?"

त्याच संध्याकाळी मार्सेलने सहा इंच सांगितले. मी विरोध केला. कोरीननेच मला गप्प केलं. "करून टाक गं. चढेन मी."

काम मोठं होतं. लांब स्प्रिंगा, लांब शॉकअॅब्सॉर्बर, ब्रेकच्या नळ्या बदलायच्या. टायर तर असे आणले की मडगार्डची कड कापल्याशिवाय चाक वळेना. दाराखाली लावायची पायरी मागवली, पण ती यायला वेळ लागणार होता. तोवर मार्सेलने कोरीनला उचलून बसवायचं ठरलं. गाडी बाहेर काढली तेव्हा मी सहज खाली वाकून पाहिलं. एखादा माणूस हातापायांवर रांगत आरपार जाईल एवढी जागा झाली होती.

आवाज बंद झाला. कोरीनची एकही खेप चुकली नाही. मार्सेल मेंढीची अख्खी तंगडी घेऊन आला आणि म्हणाला, तिला आता जेवणही जातंय. मी ती तंगडी लसूण चोळून भाजली आणि स्वतःवर खूश होऊन खाल्ली.

नवी स्प्रिंग बसवली की थोडं चालवून झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. त्यासाठी तो आला. मी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली. माप कमी भरलं, चांगलं तीन इंचांनी. चारही बाजूंना सारखंच.

"मागं काय भरलंयस?"

"काही नाही."

मागचा हौदा रिकामा होता. गवताची पेंढी नाही, पाण्याचं पिंप नाही. स्प्रिंगा मात्र दबलेल्या होत्या.

मी गाडी रॅम्पवर घेतली. हा रॅम्प भरलेले ट्रक उचलतो. मोटर कण्हली, गाडी वीतभर वर गेली, मग एकदम ताण सुटला आणि ती भराभर चढली. खाली उभी राहून मी दिवा फिरवला. चिखलाचे पोपडे जागच्या जागी होते. पट्टा कुठेच नव्हता.

गाडी खाली घेऊन पुन्हा टेप लावली. माप पुरं भरलं.

मार्सेल इतका वेळ भिंतीवरच्या टायरांकडे बघत उभा होता. "झालं?" त्याने विचारलं आणि गाडीत जाऊन बसला. पण गाडी सुरू केली नाही.

"काय रे?"

"जरा थांबतो."

आम्ही थांबलो. मग गाडी हळूच खाली बसली. चारही स्प्रिंगा एकदम दबल्या, कुठे कुरकुर नाही. मार्सेलने किल्ली फिरवली.

मी त्याच्या दाराला हात घातला. "मार्सेल, काय आहे ते?"

"कोरीन बरी आहे, लोरेटा."

"मी गाडी परत खाली करून देते. आजच देते."

"तिच्या पायांची सूज गेली. रात्री आडवी होऊन झोपते ती. मी करू देणार नाही."

तो गेला, आणि मी दिवसाढवळ्या गॅरेजचं शटर ओढून घेतलं.

पुढच्या आठवड्यात पायरी आली. तिची वाट आता कुणी बघत होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. पण काम अर्धवट ठेवायची मला सवय नाही, आणि कोरीनला एकदा डोळ्यांनी बघायचंही होतं. पायरी घेऊन मी दुपारी दवाखान्यासमोर जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने त्यांची पिकअप आली. खालून दबलेलीच होती.

मला वाटलं, मार्सेल उतरेल, वळसा घालून येईल, बायकोला उचलून खाली ठेवेल. तो बसून राहिला.

दार उघडलं. कोरीनने पाय बाहेर काढला.

पाय हवेत टेकला.

तिने त्यावर भार दिला. दुसरा पाय त्याच्याखाली, थोड्या पुढे टेकला. तोही ठरला. मग ती जमिनीवर आली आणि तिच्यामागे गाडी स्प्रिंगांवर उचलली गेली, पुरे तीन इंच.

"पायरी आणलीस होय?" कोरीन हसली. गालांवर रंग होता. "अगं, आता नको ती. उगाच त्रास घेतलास."

ती ताठ चालत दवाखान्याच्या दाराकडे गेली. एकदाही मागे वळली नाही.

मी मार्सेलच्या खिडकीशी गेले. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि डोळे भरलेले.

"माझा हात लागत नाही तिला आता," तो म्हणाला. "काल धरायला गेलो तर म्हणाली, राहू दे, धरायला आहे इथं." मग आवाज खाली आणून, दाराकडे बघत बघत त्याने विचारलं, "गाडी परत खाली करायला किती वेळ लागतो?"

"सगळं काढायचं म्हणजे दिवस जाईल. पण घाई केली तर, ती मशीनवर आहे तोवर..."

"तोवर ते पण आतच असेल ना?"

मी दाराकडे पाहिलं. कोरीन केव्हाच आत गेली होती, काउंटरपाशी पोचून कुणाशी तरी बोलत होती. तिच्यामागे काचेचा दरवाजा आपोआप मिटायला निघाला, मधेच अडला आणि परत मागे सरला. पुन्हा निघाला, पुन्हा सरला. दारात कुणीच दिसत नव्हतं. आम्ही दोघं बघत राहिलो.