हात आवरताना

दाट धुक्यात मुक्ता दवाखान्याच्या पायरीवरच कुणावर तरी आदळली.

"लागलं का वो?"

"मला न्हाई... पर तुमचा हात भाजलाय की!"

तो हौशीराम. जवळच्या औंढे गावचा, लोणावळ्यात रेल्वेच्या इंजिनात कोळसा भरणारा. मुक्ता डॉक्टर माधवरावांच्या हाताखाली मलमपट्टी करायची. तिनं पट्टी बांधली. तो मात्र हाताकडं कमी, तिच्याकडंच जास्त बघत होता.

हात बरा झाला, तरी तो येत राहिला. निमित्त डॉक्टरांच्या प्रयोगाचं. हिरवा दिवा लागला की खटका दाबायचा, लाल लागला की हात आवरायचा.

"आवरतानाच मेंदूला खरी मेहनत पडते," डॉक्टर म्हणाले. "दारू पिणाऱ्यांना ती जास्त पडते का, ते बघायचंय."

दिवे मुक्ता लावायची. हौशीराम लाल दिव्यालाही खटका दाबून बसायचा.

"दिव्याकडं बघा की!"

"तू समोर बसल्यावर दिवा कुटं दिसतोय..."

ती हसली. मग गंभीर झाली. तिचा बाप दारूपायीच गेला होता.

"तुमी... पिता?"

त्यानं खटक्यावरचा हात काढून घेतला. "व्हय. सोडावी वाटती, पर सुटत न्हाई."

त्यानंतर तिनं मान वर केली नाही. तो गेल्यावर डॉक्टरांना विचारलं, "ज्याचा हात आवरत न्हाई, त्याला दारू सुटतच न्हाई का?"

"ठाऊक नाही गं. कुणाला जास्त कष्ट पडत असतील. पण म्हणून जमणारच नाही, असं कसं म्हणू?"

एका संध्याकाळी बाजारातून येताना तिला तो दिसला – गुत्त्यासमोर. सोबती दंड धरून ओढत होते. थंडीतही त्याच्या कपाळावर घाम होता. हाक मारावी... ओठावर आलेली हाक तिनं गिळली. हे त्याचं त्यालाच करू दे.

त्यानं दंड सोडवला. वळला, तर समोर ती.

"बघितलंस?" त्यानं बाहीनं घाम पुसला. "आज जमलं. उद्याचं... म्हाईत न्हाई."

"उद्या न्हाई जमलं तर लपवू नका. माझा बाप आयेला रोज 'न्हाई प्यालो' म्हनायचा. तेच तिला लय लागायचं."

"म्हंजे... ऐकायला तू असशील?"

मुक्तानं पदर सारखा केला. गाल तापले होते.

"सोमवारी घरी या. आयेला लग्नाचं इचारा."

"आन् तिनं तोंडाचा वास घेतला तर?"

"घेनारच! म्हनून तर आधी सांगतीय," ती म्हणाली, आणि दोघंही भर रस्त्यात हसत सुटली.